कॉम्प्रेसर घरी जोडा, टाकी मात्र घरी बनवू नका

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. चोपडा-शिरपूर रस्त्यावर घरापुढच्या शेडमध्ये पंक्चरचं आणि ट्रॅक्टर-सर्व्हिसिंगचं काम सुरू करायचं आहे. हाताशी आठ हजार रुपये आहेत. बंद पडलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घरात आहे, मामांकडे गॅसचा जुना सिलिंडर पडून आहे. तो नाही जमला तर गावातला वेल्डर तीन एमएमच्या पत्र्याची टाकी करून द्यायला तयार आहे. चुलतभाऊ म्हणतो, सहा इंची पीव्हीसी पाइप शेडभर फिरवा आणि हवा त्यातच साठवा. तुम्ही विचारलंत, फ्रिजचा कॉम्प्रेसर प्रेशर किती देईल आणि या तिघांतलं काय घ्यावं?

प्रेशरचं उत्तर एका ओळीत देता येतं: तुम्हाला हवं त्यापेक्षा जास्त देईल. आर-१३४ए गॅसवर चालणारा फ्रिजचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात रोजच दहा-बारा किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो) गॅस दाबत असतो. तो लहान दिसतो म्हणून त्याचा दाबही लहान असेल, असं नाही. लहान असते ती त्याची हवा, म्हणजे मिनिटाला तो किती लिटर ओढतो ते. पण तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा पंपाचा नाहीच. तो टाकीचा आहे, आणि तुम्ही सुचवलेल्या तिन्ही टाक्यांना मला नाही म्हणायचं आहे. कारणं सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबून राहायची गरज उरणार नाही.

धुळ्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम मी २७ वर्षं करतोय. एवढ्या वर्षांत एक फरक डोक्यात पक्का बसला आहे. पंप बिघडला की थांबतो. रिंग गेली तर तेल फेकतो, व्हॉल्व्हची प्लेट तुटली तर हवा भरत नाही, बेअरिंग गेलं तर ओरडतो. तो आधी सांगतो, आणि नुकसान झालंच तर पैशाचं होतं. टाकी तशी नाही. ती वर्षानुवर्षं गप्प राहते आणि एक दिवस फुटते. म्हणून पंप, मोटर, पुली, पाइप हे सगळं भंगारातून आणा, हातानं जोडा, त्यात चुका करा आणि शिका, मी कौतुकच करीन. टाकी मात्र हवेसाठीच बनवलेली आणि तपासलेली घ्या.

मी शिकाऊ होतो तेव्हा महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये अशीच गावात केलेली टाकी होती. पत्रा गोल वळवलेला आणि दोन्ही टोकांना सपाट चकत्या वेल्ड केलेल्या. तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर आपोआप बाहेर सोडणारी झडप, सारखा फुसफुसायचा, म्हणून कुणीतरी तो काढून तिथे प्लग मारून टाकला होता. एका दुपारी प्रेशर स्विचचे पॉइंट चिकटले आणि मोटर बंद झालीच नाही. सगळे जेवायला बसले होते. आवाज असा झाला की रस्त्यावरचा ट्रक थांबला. एका टोकाची चकती पत्र्याची भिंत फाडून पलीकडच्या कपाशीत जाऊन पडली. टाकी उलट्या दिशेला सरकली आणि तिनं मोटरचा पाया उखडला. एरवी त्याच टाकीच्या सावलीत कामगारांची दोन पोरं खेळायची. त्या दिवशी ती बाजाराला गेली होती. शेजारची म्हातारी छाती धरून एवढंच म्हणत होती, "पोरे वाची गयात रे भो, पोरे वाची गयात." तेव्हापासून कुणी टाकीबद्दल विचारलं की मी आधी तिची टोकं बघतो.

टोकंच का, त्याचा हिशोब करून पाहू. ३० सेंटिमीटर व्यासाची टाकी धरा. तिच्या टोकाचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंटिमीटर होतं. आत ७ किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो. एका टोकावर बसणारा जोर जवळपास ४,९०० किलो झाला. एक भरलेला टेम्पो त्या चकतीला आतून ढकलत उभा आहे असं समजा, आणि त्याला अडवून धरलं आहे ते फक्त कडेच्या वेल्डिंगनं. आता जाडी बघा. तीन एमएमचा पत्रा गोल वळवला तर ७ किलोवर त्यावर येणारा ताण साध्या लोखंडाच्या ताकदीच्या सातव्या हिश्शाइतकाच असतो. गोल भागाला काही होत नाही. तोच तीन एमएमचा पत्रा सपाट चकती म्हणून लावला की ताण लोखंडाच्या ताकदीच्या पाचपट निघतो. चकती आधी फुगते, दर वेळी टाकी भरताना आणि रिकामी होताना वाकते-सरळ होते, आणि वेल्डिंगच्या कडेला बारीक तडा पडतो. कंपनीच्या टाकीची टोकं भांड्यासारखी फुगीर असतात ती दिसायला बरं म्हणून नव्हे. फुगीर आकारात पत्रा वाकत नाही, फक्त ताणला जातो. तुमच्या गावातल्या वेल्डरचा हात चांगला असेलही. भुसावळकडचे रेल्वेतून निवृत्त झालेले वेल्डर मी पाहिले आहेत, त्यांची शिवण बघत राहावी अशी असते. त्यांना हवेची टाकी करायला सांगा, तेच पहिले नाही म्हणतील. शिवणीच्या आत पोकळी राहिली आहे का, हे एक्स-रे काढल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट साठलेल्या ताकदीची. ५० लिटरच्या टाकीत ७ किलोची हवा भरली की तिच्यात साधारण ३० ते ४० किलोज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे क्विंटलभराचं पोतं दहा मजली इमारतीच्या गच्चीवर फेकायला लागेल एवढी. टाकी फुटते तेव्हा ती सगळी क्षणात बाहेर येते. तीच टाकी पाण्यानं काठोकाठ भरून त्याच ७ किलोवर नेली तर साठणारी ऊर्जा जेमतेम काही ज्यूल असते, कारण पाणी दाबलं जात नाही. तडा गेला तर एक चिळकांडी उडते आणि प्रेशर शून्यावर येतं. पुढे टाकी तपासायची पद्धत सांगेन तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

आता मामांचा सिलिंडर. इथे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, तेही सांगतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर मजबूत असतो, तो २५ किलो प्रेशरला तपासलेला असतो आणि त्याच्यात ३३ लिटर पाणी मावतं. कागदावर बघितलं तर ७ किलो हवा त्याला काहीच नाही. तरी नको. पहिलं, तो तुमचा किंवा मामांचा नाही. गॅस कंपनीचा आहे, आपल्याकडे तो अनामत रकमेवर असतो, आणि त्याचा दुसरा वापर कायद्यात बसत नाही. दुसरं, त्याची ताकद टिकते ती वेळच्या वेळी होणाऱ्या तपासणीमुळे. नवा सिलिंडर दहा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी तपासला जातो, कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि साल लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. मामांकडे पडलेला सिलिंडर त्या साखळीतून कधीच बाहेर पडला आहे. तिसरं कारण सगळ्यात मोठं. त्याला एकच तोंड आहे, तेही वर. हवेच्या टाकीला इनलेट, आउटलेट, गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाला पाणी काढायचा ड्रेन लागतो. म्हणजे तुम्ही त्याला भोकं पाडून सॉकेट वेल्ड करणार. सिलिंडर कारखान्यात वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून त्याचा ताण काढलेला असतो. तुम्ही नवं वेल्डिंग केलं की तिथला पत्रा पुन्हा ताणलेला आणि ठिसूळ होतो. पत्रा जेमतेम अडीच-तीन एमएमचा, आणि आत पाणी साचून तो तळातून गंजणार. शिवाय रिकामा वाटणाऱ्या सिलिंडरमध्येही गॅस राहतो. त्याला वेल्डिंगची ठिणगी दाखवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

चुलतभावाच्या पीव्हीसी पाइपवर मी एका वाक्यात थांबलो असतो. पण आपल्याकडे हा पाइप इतका घरचा झाला आहे की थोडं बोलावं लागेल. जळगाव म्हणजे ठिबक आणि पाइपांचं गाव, आणि शेतात ६ किलोचा, १० किलोचा पाइप आपण रोज वापरतो. तो आकडा पाण्यासाठी आहे, आणि तोही २७ अंश तापमानाला. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४४-४५ अंश असतात, कॉम्प्रेसरमधून येणारी हवा त्याहून गरम. प्लास्टिक तापलं की त्याची ताकद भराभर उतरते, आणि उन्हात राहिलं की ते ठिसूळ होतं. पाण्याचा पाइप फुटला की चिरतो. हवेचा पीव्हीसी पाइप फुटला की काचेसारखे धारदार तुकडे चारी बाजूंना उडतात, आणि अंगात घुसलेला प्लास्टिकचा तुकडा एक्स-रेमध्ये धड दिसतही नाही. शेडभर फिरवलेला पाइप म्हणजे शेडभर डोक्यावर टांगलेला धोका. साठवायला नको, आणि हवा इकडून तिकडे न्यायलाही नको. त्यासाठी जीआय पाइप किंवा हवेचा जाळीदार रबरी होज वापरा.

मग घ्यायचं काय? धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकचे सुटे भाग इथे भरपूर. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी हवेसाठीच बनलेली असते. तिची टोकं फुगीर असतात, चुडीचे (आट्यांचे) सॉकेट कारखान्यातूनच बसवलेले असतात, खाली ड्रेन असतो, आणि ती साधारण ७-८ किलोवरच काम करत आलेली असते. एकच टाकी लहान पडली तर सारख्या दोन जोडता येतात. दुसरा मार्ग म्हणजे बंद पडलेल्या गॅरेज-कॉम्प्रेसरची टाकी. जिनिंगमधून लिलावात निघालेल्या टाक्याही येतात, पण त्या मोठ्या असतात आणि एवढ्या ऊर्जेची तुम्हाला गरज नाही. कुठलीही घ्या, माझी अट एकच: वर्किंग प्रेशर आणि टेस्ट प्रेशर लिहिलेली नेमप्लेट तिच्यावर असली पाहिजे. नेमप्लेट उपटलेली असेल तर ती टाकी कितीही जाड वाटो, सोडून द्या. पॅच मारलेला किंवा नंतरचं वेल्डिंग दिसलं तरी सोडा. आणि बजेट बसत असेल तर टाकी नवी, सर्टिफिकेटसकट घ्या. आठ हजारांतला सगळ्यात मोठा वाटा टाकीवर गेला तरी चालेल, पंप नंतर बदलता येतो.

जुनी टाकी तपासायची कशी? ड्रेनचं भोक उघडून आत बारीक टॉर्च सोडा आणि तळ बघा. हवेत पाणी असतं, ते तळाला बसतं, म्हणून टाकी नेहमी खालून मरते. वरून रंग नवा आणि तळ चाळणी, अशा टाक्या मी कितीतरी पाहिल्या. लहान हातोडीनं तळभर हलकं ठोका. चांगला पत्रा घंटीसारखा वाजतो, गंजलेला भाग बद्द बोलतो. हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक मशीन असणारे लोक मिळतात, तळाला आठ-दहा ठिकाणी जाडी मोजून घ्या. कारखान्यांत प्रेशरच्या टाक्यांची अशी तपासणी अधिकृत माणसाकडून करून घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे. तुमच्या शेडला तो कायदा लागू होवो न होवो, लोखंड तर तेच आहे.

मग पाण्याची टेस्ट. ही हवेनं कधीही करायची नाही, आणि गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरनं तर मुळीच नाही. मी हे जोर देऊन सांगतोय कारण ऑक्सिजन लावून लीक बघणारे मेकॅनिक आपल्याकडे आहेत. टाकीत तेलाचा अंश असतो, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की ठिणगी न लागताही भडका होतो. टाकी पाण्यानं पूर्ण भरा, सगळ्यात वरचं तोंड उघडं ठेवून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत भरा. आत हवा राहिली तर पाण्यानं टेस्ट करण्याचा अर्थच गेला. पाइपलाइन टेस्ट करायचा हातपंप ठिबकच्या किंवा प्लंबिंगच्या फिटरकडे भाड्यानं मिळतो. भरण्याआधी टाकीच्या मधोमध सुतळी गुंडाळून घेर मोजून ठेवा. मग हळूहळू काम करायच्या प्रेशरच्या दीडपटीपर्यंत न्या, पण नेमप्लेटवरच्या टेस्ट प्रेशरच्या वर जाऊ नका. तुमचं काम ७ किलोवर असेल तर साडेदहा. अर्धा तास ठेवा. काटा खाली आला, शिवणीला थेंब दिसला, किंवा प्रेशर सोडल्यावर घेर पहिल्यापेक्षा वाढलेला निघाला, तर ती टाकी भंगारात द्या आणि देण्याआधी तिला मोठं भोक पाडा, म्हणजे दुसरा कुणी तिच्यात हवा भरणार नाही. वेल्डिंगनं लीक बुजवून पुन्हा टेस्ट करायची नाही.

एवढं झाल्यावर फ्रिजच्या कॉम्प्रेसरकडे येऊ. तो मिनिटाला साधारण १५-२० लिटर हवा ओढतो, आणि प्रेशर चढत जातं तशी तीही कमी होते. ५० लिटरची टाकी ७ किलोला भरायला ३५० लिटर हवा लागते, म्हणजे अर्धा तास सहज. मोटरसायकलच्या टायरला वीस-बावीस लिटर पुरतात, तिथे तो चालेल. ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरला दोनशे लिटरच्या वर हवा लागते. गिऱ्हाईक बांधावर ट्रॅक्टर उभा करून तुमच्याकडे आलं आणि तुम्ही त्याला बराच वेळ बसवून ठेवलं, तर पुढच्या वेळी ते येणार नाही. आणि एवढा वेळ तो कॉम्प्रेसर सलग चालणारही नाही. फ्रिजमध्ये परत येणारा थंड गॅस त्याची मोटर थंड ठेवतो. इथे तो मे महिन्याची हवा ओढणार. दहा-पंधरा मिनिटांत ओव्हरलोड ट्रिप करेल. त्यातलं तेल हवेबरोबर टाकीत जात राहतं आणि मागे परत येत नाही, मग तो कोरडा पडून जाम होतो. त्यामुळे स्प्रेनं छोटं रंगकाम, कार्बोरेटरची जेट फुंकणं, सायकल-मोटरसायकल, एवढ्यासाठी शिकायला म्हणून जोडा. धंदा त्याच्यावर उभा करू नका. त्याची हवा कुणाच्याही श्वासासाठी, विहिरीत उतरलेल्या माणसासाठीही, कधीच वापरायची नाही. तिच्यात तेलाची वाफ असते.

तो फ्रिजमधून काढताना कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा. आर-६००ए लिहिलं असेल तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे जवळपास स्वयंपाकाचाच गॅस. तिथे ब्रेझिंगची नळी घेऊन बसायचं नाही. फ्रिज-मेकॅनिककडून गॅस काढून घ्या आणि पाइप कटरनं कापा, ज्योतीनं नाही.

तुमच्या धंद्याला योग्य म्हणजे पट्ट्यावर चालणारं, तळाशी स्वतःचं तेल साठवणारं (ऑइल-संप असलेलं) गॅरेजचं हेड, म्हणजे हवा दाबणारा पंप. सेकंडहँडही चालेल. त्याला दोन एचपीची मोटर लावली की मिनिटाला १७०-२०० लिटर हवा मिळते. ट्रकच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर स्वस्त मिळतो म्हणून लोक तो लावतात. त्यात एक अडचण आहे, तिकडे दुर्लक्ष होतं: बहुतेकांना तेल इंजिनाच्या ऑइल-लाइनमधून दाबानं येतं, काहींना थंड करायला इंजिनाचं पाणी लागतं. इंजिनाशिवाय मोटरवर फिरवला की चार दिवसांत बेअरिंग जातं. तेलाची सोय कशी करणार हे आधी ठरलं असेल तरच तो घ्या. मोटर १४४० आरपीएमची असेल आणि हेडला सातशे-साडेसातशे फेरे हवे असतील, तर हेडची पुली मोटरच्या पुलीच्या दुप्पट. हेडवर किती आरपीएम लिहिलं आहे ते बघून ठरवा. जास्त हवा मिळेल म्हणून फेरे वाढवू नका, हेड तापून मरतं.

हेड तापतं म्हणजे किती? हवा एकदम ७-८ किलोला दाबली की हिशोबानं तिचं तापमान अडीचशे अंशांच्या वर जातं. हेडवरच्या धातूच्या पातळ कडा (फिन) आणि पुलीचा वारा यामुळे प्रत्यक्षात ते बरंच कमी राहतं, तरी हात लावण्यासारखं नसतं. म्हणून हेड ते टाकी हा तुकडा तांब्याचा किंवा लोखंडाचाच हवा, आणि थोडा लांब, वळणं देऊन, म्हणजे हवा वाटेत थंड होते. इथे रबरी होज लावलेला मी पाहिला आहे, तो आतून जळून कोळसा झालेला होता. तेलही कॉम्प्रेसरचंच घाला, साधारण १०० ग्रेडचं. इंजिनातून काढलेलं जुनं तेल घातलं की ते व्हॉल्व्हवर आणि पाइपात काजळी धरतं, आणि साचलेली काजळी गरम हवेत पेटते. हवा ओढणाऱ्या तोंडावर फिल्टर हवाच. आपल्याकडे धूळ आहे आणि हंगामात कपाशीचे तंतू उडतात, तेव्हा दर आठवड्याला झटका.

आता त्या फुटलेल्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे परत येतो, कारण तुमच्या शेडमध्ये शेवटचा पहारेकरी तोच आहे. त्याचा क्रम असा बसवा: प्रेशर स्विच ५ किलोला मोटर चालू करेल आणि ७ किलोला बंद करेल, सेफ्टी व्हॉल्व्ह ८ किलोला उघडेल, आणि टाकी त्याच्या वरच्या प्रेशरची असेल. ट्रकचे टायर करायचे नसतील तर ६ वरही बंद करा, ट्रॅक्टर आणि मोटरसायकलला तेवढं पुष्कळ. व्हॉल्व्ह टाकीवर थेट बसला पाहिजे, मध्ये कुठलाही कॉक नको. त्याच्यातून निघणारी हवा पंपाच्या हवेपेक्षा जास्त असली पाहिजे, नाहीतर तो उघडूनही प्रेशर चढतच राहील. पहिल्या दिवशी खात्री करा: स्विच बाजूला ठेवून मोटर चालू द्या, स्वतः भिंतीआड स्टार्टरजवळ उभे राहा, लांबून गेज बघा, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर काटा तिथेच थांबतो का पाहा. पाण्याच्या टेस्टमध्ये पास झालेल्या टाकीवरच हे करायचं. पुढे दर आठवड्याला कडी ओढून हवा सोडा. व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला तर बदला. प्लग मारू नका, स्क्रू आवळून त्याचा आकडा वाढवू नका.

हेड आणि टाकीच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे फिरू न देणारा), आणि स्विचला अनलोडर. अनलोडर म्हणजे मोटर बंद झाल्यावर जो 'फुस्स' आवाज येतो तो. हेडमधली अडकलेली हवा सोडली गेली की पुढच्या वेळी मोटर हलकी सुरू होते. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं, अशा वेळी भरलेल्या हेडवर मोटर उठत नाही, गुणगुणत राहते आणि वाइंडिंग जळते. म्हणून ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग. तुमच्या शेडमध्ये ट्रॅक्टर धुतले जाणार, जमीन ओली असणार, म्हणून अर्थिंगचं काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय पहिल्यांदाही चालू करू नका. गमछा, ओढणी, लहान मुलाची बोटं, पट्टा कशालाच सोडत नाही.

जागा कशी निवडायची हे तुमच्या शेडवर अवलंबून आहे, फोटो पाहिल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. एवढं नक्की: टाकी उन्हात नको. ३० अंशांवर भरलेली बंद टाकी उन्हानं ६० अंशांवर गेली की आतलं प्रेशर आणखी पाऊण किलो चढतं. टाकीची टोकं माणसं बसतात तिकडे नकोत, विटांच्या भिंतीकडे करा. आणि रोज संध्याकाळी काम संपल्यावर ड्रेन उघडा. पावसाळ्यात हजार लिटर हवेमागे पंधरा-वीस ग्रॅम पाणी टाकीत उतरतं, दिवसभरात पाव लिटर सहज. ते रोज काढलं तर टाकी कित्येक वर्षं टिकते. जाडी आणि पाण्याची टेस्ट दोन-तीन वर्षांनी परत करा, पावसाळ्यानंतर केलेली बरी.

शेडमध्ये हाताखाली पोरं येतील, त्यांना पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट: हवेची नळी माणसाकडे धरायची नाही. कपडे झटकायला नाही, मस्करीत तर कधीच नाही. हवा डोळा फोडते, कानाचा पडदा फाडते, आणि मस्करीत मागून सोडलेल्या हवेनं आतडी फाटून माणसं मेली आहेत. त्यावर दुसरं बोलणं नाही, जो करेल त्याला त्याच दिवशी कामावरून काढा.

तुमचं बजेट बघता मी हा क्रम सुचवीन: आधी टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह, स्विच आणि गेज चांगलं घ्या. फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर मोटरसायकलींचं काम सुरू करा, आणि दोन-तीन महिन्यांची कमाई हेड आणि मोटरसाठी बाजूला ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र पहिल्या दिवसापासून दोन एचपीच्या हवेला पुरेल असाच बसवा, म्हणजे हेड बदललं की तो कमी पडणार नाही. टाकी ठरली की पैसे देण्याआधी तिच्या नेमप्लेटचा आणि तळाचा फोटो पाठवा. नेमप्लेटवरचे आकडे वाचता आले तर व्हॉल्व्ह किती किलोचा आणि कितीच्या चुडीचा घ्यायचा, ते त्याच दिवशी सांगतो.